काळीची पांढरी
घर बांधण्याच्या परवानगीचा एक इतिहास

आपल्या देशावरील जुन्या गांवाची सारी जमीन दोन रंगांत वांटलेली असे. जी नांगराखालीं असे ती काळी, आणि जिच्यावर माणसांचीं घरें असत ती पांढरी. ही वांटणी कोणा अधिकाऱ्यानें नकाशावर रेघ ओढून केली नव्हती. ती मातीनेंच केली होती. शेंकडों वर्षें एकाच जागीं चुली पेटल्या, भिंती पडल्या व पुन्हां उठल्या, गुरें बांधलीं गेलीं. आणि त्या राखेनें व मातीनें वस्तीची जागा भोंवतालच्या शेतांहून उंच व पांढुरकी झाली. पुढें या शब्दास आणखी एक अर्थ चिकटला. पाटील, कुळकर्णी, मिरासदार व बलुतेदार मिळून जो गांवचा समाज होई, त्यासही जुन्या कागदांत पांढरी म्हटलेलें आढळतें. मातीचें नांव माणसांस मिळालें, यावरून कोठें घर बांधावें व कोठें बांधूं नये, हा प्रश्न आपल्या पूर्वजांच्या लेखीं केवढा मोठा होता हें दिसून येईल.

आज हाच प्रश्न आपल्यापुढें निराळ्या वेषानें येतो. शेतजमीन बिनशेती करून मिळावी, विकास योजनेंतील शेतीचा पट्टा बदलून रहिवासाचा व्हावा, भिंत व रस्ता यांमध्यें सोडावयाच्या अंतरांत सवलत मिळावी, अशा अर्जांचे गठ्ठे तहसील कचेरींत व नगरपरिषदेंत पडलेले असतात. सामान्य वाचक या बाबतींस रूक्ष कारकुनी समजून तिकडे पाठ फिरवितो. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नाहीं. नियम कोणासाठीं व त्यास अपवाद कोणासाठीं, हें ज्या ठिकाणीं रोज ठरतें, तें ठिकाण समाजाच्या नीतीचें मोजमाप घेण्यास उत्तम. या लेखांत आम्ही तेंच करूं इच्छितों, आणि दृष्टीसमोर गांव घेतों तें आष्टा.

आष्टा हें कृष्णा व वारणा या दोन नद्यांमधील सुपीक दुआबांत, सांगलीच्या वायव्येस, वाळवे तालुक्यांत वसलें आहे. १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य कंपनीनें खालसा केलें तेव्हां हा मुलुख इंग्रजी अमलाखालीं आला. ता. १ ऑगस्ट १९४९ रोजीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन दक्षिण सातारा जिल्हा निघाला, व १९६० च्या नोव्हेंबरांत त्यास सांगली हें नांव मिळालें. आष्ट्यास नगरपालिका एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. म्हणजे शहर होण्याचा मान या गांवास पुष्कळ जुना. तरी त्याची प्रकृति शेतकऱ्याचीच राहिली. चौंडेश्वरीच्या भावईस जमणारा समाज पाहिला म्हणजे जुनी पांढरी अद्यापि जिवंत आहे अशी खात्री पटते. २०११ च्या जनगणनेंत येथील वस्ती ३७ हजारांच्या आसपास भरली. ऊंस आला, साखर कारखाने आले, अभियांत्रिकी महाविद्यालय आलें, आणि जुनें गावठाण अंगास तोकडें झालें. अशा गांवांत घर बांधावयाचें म्हणजे बहुधा काळींत पाऊल टाकावें लागतें. म्हणूनच आमच्या विषयाची परीक्षा मुंबई-पुण्यापेक्षां येथें अधिक चांगली होते.

प्रथम जुनी रीत पाहूं. गांवास गावकूस असे, त्यास वेस असे, आणि वेशीच्या आंत ज्याचें घरठाण तो गांवकरी. मिरासदारास काळींत शेत व पांढरींत घर, असा दुहेरी हक्क वंशपरंपरेनें असे; उपऱ्यास तो नसे. परक्यास घरठाण द्यावयाचें झाल्यास पाटलाची एकट्याची इच्छा पुरत नसे. चतुःसीमा नमूद होत, शेजारी साक्षीस बसत, वाद पडल्यास गोत जमे व मजहर होई. म्हणजे जागेचा व्यवहार हा देणाराघेणारांपुरता नसून ज्यांच्या भिंतीस भिंत लागणार त्यांचाही असे, ही कल्पना त्या व्यवस्थेच्या मुळाशीं होती. नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे सरकारांतून कौल मिळे, व वसणाऱ्यांस कांहीं वर्षें करांची माफी असे. हा नियमास अपवादच होता; परंतु तो एका माणसाच्या सोयीसाठीं नसून उदीम वाढावा म्हणून केलेला व चारचौघांत जाहीर झालेला असे. पेशवाईंतील पुण्यांत कोतवालाकडे जीं कामें होतीं त्यांत गल्ल्या व घरें यांचे तंटे तोडणें हें एक ठळक काम होतें. शहर दाट झालें कीं शेजाऱ्याचा प्रश्न सरकारी प्रश्न होतो, याची ती साक्ष आहे.

या चित्रास दुसरी बाजू आहे, व ती झांकून ठेवणें हा इतिहासाशीं अप्रामाणिकपणा होईल. ज्या गावकुसानें मिरासदाराचें रक्षण केलें त्याच गावकुसानें महार, मांग यांस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलें. त्यांच्या वस्तीची जागा कोणत्याही कायद्यानें आंखून दिली नव्हती, आणि तरी ती कोणत्याही कायद्यापेक्षां अढळ होती. पट्टे पाडून वस्ती विभागण्याची विद्या पश्चिमेकडून आली असें आपण समजतों. परंतु आपल्या गांवांत ती सर्वांत कठोर रूपानें आधींच नांदत होती, आणि तिच्यांत अपवादाचा अर्ज करण्यास जागा नव्हती. गोतसभेच्या सुनावणीची आम्ही वर स्तुति केली. पण त्या सभेंत कोणाचें म्हणणें ऐकलें जाई व कोणाचें ऐकलें जात नसे, हें ध्यानांत ठेवल्याशिवाय ती स्तुति पुरी होत नाहीं.

इंग्रजी अमलांत मोजणीदार आला. त्याची सांखळी ३३ फुटांची. एका सांखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. आणि ४० गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेतास क्रमांक मिळाला, प्रत्येक क्रमांकास आकार बसला. काळी व पांढरी हे मातीचे रंग होते ते आतां दप्तरांतील सदरे झाले. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्यानें या बाबतींत जी चौकट घातली तीच पुढें जवळजवळ शतकभर टिकली. शेतकऱ्यास आपल्या शेतांत शेतीच्या उपयोगाचीं घरें, विहिरी, तळीं करण्यास मोकळीक होती. परंतु जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामास लावावयाची असल्यास कलेक्टराची परवानगी हवी, असें त्या कायद्याच्या ६५ व्या कलमानें ठरविलें. परवानगीवांचून तसें केल्यास पुढील कलमांत दंड व हकालपट्टी होती. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकारही १२६ व्या कलमानें कलेक्टराकडेच गेला.

या कलमांचा हेतु काय होता? गांव नीटनेटकें वसावें, हवा-उजेड मिळावा, असा विचार त्यांत फारसा नव्हता. शेताचा आकार निराळा व घराच्या जागेचा निराळा; जमिनीचा उपयोग बदलला कीं सरकारचा वांटा बदलावा, हा त्यांतील मुख्य मुद्दा. म्हणून हा सारा व्यवहार अर्जदार व कलेक्टर या दोघांमध्यें मिटला. शेजाऱ्यास नोटीस देण्याची गोष्ट त्या कलमांत नाहीं. जुन्या मजहरांत ज्याची साक्ष अवश्य असे, तो नव्या फायलींतून नाहींसा झाला. लाभही झाला, तो नाकारतां येणार नाहीं. अर्ज कोणीही खातेदार करूं शके. त्याची जात विचारण्याचें कायद्यास कारण नव्हतें. गावकुसाचें बंधन कागदावर तरी सुटलें. एक न्याय आला आणि एक न्याय गेला, असें या कालखंडाचें वर्णन आम्ही करूं.

पुढें १८९६ सालीं मुंबईस प्लेग उतरला व तेथून दक्षिणेंत पसरला. गावठाणांतील दाट वस्ती मृत्यूचें घर झाली. गांवेंच्या गांवें ओस पडून माणसें रानांत झोपड्या घालून राहिलीं. काळींत राहण्याची बंदी प्राणभयापुढें टिकत नाहीं, हें लोकांनीं त्या वर्षांत अनुभवलें. सरकारासही कळून आलें कीं घरांची दाटी हा केवळ खासगी प्रश्न नव्हे. १८९८ सालीं मुंबईंत सुधारणा ट्रस्ट निघाला. १९१५ सालीं मुंबई इलाख्यानें नगररचनेचा कायदा केला, आणि असा कायदा हिंदुस्थानांत तोच पहिला. त्यानें वेड्यावांकड्या जमिनी एकत्र करून, रस्ते काढून, त्या मालकांस पुन्हां वांटून देण्याची सोय केली. येथें महसुलाच्या जोडीस प्रथमच आरोग्याचा विचार आला.

याच सुमारास परदेशांतही हीच विद्या बाळसें धरीत होती. जर्मनींत फ्रांकफुर्ट शहरानें १८९१ मध्यें शहराचे विभाग पाडून निरनिराळे बांधकामनियम लावले. न्यूयॉर्कनें १९१६ सालीं पट्ट्यांचा पहिला सर्वंकष नियम केला. आणि नियमाबरोबरच, त्यास अपवाद करण्यासाठीं, एक अपील मंडळही नेमलें. यांत मोठें शहाणपण होतें. नकाशा काढणारास प्रत्येक जमिनीचा कोपरा ठाऊक असणें शक्य नाहीं. कोणाची जागा त्रिकोणी, कोणाच्या जागेंतून ओढा गेलेला. अशास नियम तंतोतंत लावला तर तो नियम न राहतां जाच होतो. म्हणून पुढें अमेरिकेंतील नमुना कायद्यानें अपवादाची कसोटी सांगितली ती अशी, कीं नियमामुळें अकारण जाच होत असला पाहिजे, व सवलतीनें सार्वजनिक हितास बाध येतां कामा नये. मालकास अधिक नफा मिळेल हें कारण त्या कसोटीस उतरत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कायद्यांची गर्दी झाली. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यास बंदी केली. हेतु हा, कीं शेती परवडण्याजोगी रहावी. १९५४ च्या नगररचना कायद्यानें स्थानिक संस्थांवर विकास योजना करण्याचें कर्तव्य घातलें. १९६६ सालीं महाराष्ट्रानें दोन मोठे कायदे केले, एक जमीनमहसूल संहिता व दुसरा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. दोन्ही १९६७ सालीं अमलांत आले. पहिल्यानें १८७९ ची बिनशेती परवानगी पुढें चालविली. दुसऱ्यानें नगरपरिषदेच्या हद्दींतील सर्व जमीन नकाशावर रंगविली. रहिवासाचा पट्टा पिवळा, शेतीचा हिरवा. काळी-पांढरी जाऊन हिरवा-पिवळा आला. आतां रंग मातीचा नव्हता, शाईचा होता. आणि शाईचा रंग बदलतां येतो.

तो कसा बदलावा हेंही १९६६ च्या अधिनियमाच्या ३७ व्या कलमांत सांगितलें आहे, व तें कलम आम्हांस या सर्व इतिहासांत विशेष मोलाचें वाटतें. मंजूर योजनेंत फेरफार करावयाचा तर योजनेचें मूळ स्वरूप बदलतां कामा नये. राजपत्रांत जाहिरात द्यावी, कोणाही माणसास महिन्याच्या आंत हरकत घेतां यावी, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांस नोटीस द्यावी, त्यांचें म्हणणें ऐकावें, आणि मग सरकारची मंजुरी घ्यावी. १८७९ मध्यें दप्तरांतून हरवलेला शेजारी येथें परत आला; आणि या वेळीं त्याच्या जातीची अट नव्हती. तथापि तो पुरता परत आला नाहीं. एखाद्या साध्या बांधकाम परवानगीबद्दल अपील करण्याचा अधिकार अर्जदारासच आहे. शेजाऱ्यास त्या कलमांत स्थान नाहीं. आणि राजपत्रांतील जाहिरात आष्ट्याच्या शेतकऱ्याच्या हातीं कितीशी पडते, हें वाचकांस सांगावयास नको.

दोन परवानग्यांच्या या जोड चक्रांत सामान्य माणूस सांपडला. तीन भावांत एक एकर जमीन, घर जुन्या गावठाणांत दोन खणांचें, धाकट्याचें लग्न ठरलेलें. त्यानें काय करावें? कायदा म्हणतो अर्ज कर व थांब. ज्याच्यापाशीं थांबण्याचें बळ आहे तो थांबतो, वकील देतो, हेलपाटे घालतो. ज्याच्यापाशीं तें नाहीं तो गुंठा-दीड गुंठा विकत घेऊन मुदतीच्या कागदावर घर बांधतो. सांगलीकडे गुंठेवारी हा शब्द जो घरोघर झाला तो असा. या वस्त्यांत रस्ते अरुंद, गटारें नाहींत, सात-बाऱ्यावर नांव नाहीं. अखेर २००१ सालीं सरकारनें गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, व त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वींच्या भूखंडांस मान्यता मिळण्याची वाट काढली. वीस वर्षांनीं, २०२१ मध्यें, ही तारीख पुढें नेऊन ३१ डिसेंबर २०२० करण्यांत आली.

याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. अपवाद दोन प्रकारचा असतो. एक आधीं मागावयाचा, दुसरा मागाहून मिळवावयाचा. पहिल्यास कारण द्यावें लागतें. दुसऱ्यास केवळ काळ जावा लागतो. जेथें पहिला अपवाद दुर्मिळ व महाग होतो तेथें दुसरा सार्वत्रिक होतो. गुंठेवारीच्या घरांस बेकायदा म्हणून नाक मुरडणारांनीं हें विसरूं नये कीं त्या घरांतील माणसांनीं नियम मोडला तो बहुधा चैनीसाठीं नव्हे, डोक्यावर छप्पर हवें म्हणून. परंतु त्यांच्या नांवावर ज्यांनीं शेत तोडून, रस्त्याची व मैदानाची जागाही विकून पैसा केला, त्यांची गोष्ट निराळी. क्षमेचा कायदा या दोघांस एकाच मापानें मोजतो, हा त्याचा दोष आहे.

२०१४ व २०१७ च्या दुरुस्त्यांनीं महसूल संहितेची मिठी बरीच सैल केली. विकास योजनेच्या क्षेत्रांत स्वतंत्र बिनशेती परवानगीची गरज कमी केली गेली. आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आंतील जमीन, कर भरून, बिनशेती मानण्याची तरतूद आली. दोनशें मीटर म्हणजे साधारण दोन हांकांचें अंतर. जी पांढरी वाढण्यास पूर्वीं पिढ्या लागत, ती एका कलमानें चारी दिशांस तेवढी वाढली. हेलपाटे वांचले, चिरीमिरीचा एक दरवाजा अरुंद झाला, हें निःसंशय चांगलें. पण जेथें अर्जच नाहीं तेथें विचारणाही नाहीं; ओढा कोणीकडे वाहतो, पलीकडच्या शेतास वाट कोठून, हें विचारण्याचा प्रसंगच उरत नाहीं.

डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलींतही सवलतीचें एक कलम आहे. खरोखर अडचण दाखवून दिल्यास अधिकाऱ्यानें विशेष परवानगी द्यावी. मात्र आरोग्य व सुरक्षितता यांस बाध येऊं नये, आणि रस्त्याकडील अंतर, चटईक्षेत्र व वाहनतळ यांत सूट देऊं नये, असें तें सांगतें. ही मर्यादा योग्य जागीं घातलेली आहे. पण नियमाच्या आंकड्यांतच अपवादाचा मोह कसा दडलेला असतो याचें एक उदाहरण देतों. मांडणींत दहा टक्के मोकळी जागा सोडण्याची सक्ति ४००० चौरस मीटरांपासून सुरू होते. आपला एकर भरतो सुमारे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे ४० गुंठ्यांच्या मांडणींत मुलांस खेळावयास चार गुंठे सोडावे लागतात. ३९ गुंठ्यांची मांडणी पुढें केली तर हा आंकडा चुकतो. एका गुंठ्याच्या हिशेबांत एका वस्तीचें मैदान जाऊं शकतें, आणि कागद मात्र स्वच्छ राहतो.

कोणी म्हणेल, चार घरें अधिक झालीं तर एवढें काय बिघडतें? कृष्णाकांठच्या माणसानें हें विचारूं नये. २००५, २०१९ व २०२१ या तीन सालीं या नदीनें सांगलीस काय दाखविलें तें ताजें आहे. नियमावलींत निळी व लाल अशा दोन पूररेषा आहेत. पहिली पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. पांढरी उंचावर वसविणारांपाशीं असे नकाशे नव्हते, पण पुराची आठवण होती. सखल काळींत घर बांधण्याची सवलत देतांना आपण ती आठवणच सवलतींत देऊन टाकतों. आणि तिची किंमत अर्जदार नव्हे, पुढें तें घर विकत घेणारा भरतो. शिवाय दुआबांतील काळी माती एकदां पायाखालीं गेली कीं परत येत नाहीं. पांढरीची काळी झाल्याचीं उदाहरणें ओसाड गांवांच्या जागीं सांपडतील. सिमेंटची काळी होणार नाहीं.

याच जिल्ह्यांत एक निराळाही अनुभव आहे. वारणेवरील धरणानें ज्यांचीं गांवें बुडालीं त्यांतील कित्येक कुटुंबांस खालच्या सपाटीवर नवीं गावठाणें आंखून देण्यांत आलीं. ज्यांनीं मागितलें नव्हतें त्यांच्यासाठीं काळीची पांढरी सरकारनें स्वतः केली. सार्वजनिक कारणासाठीं नियम वांकवितां येतो, व वांकवावा लागतो, याचा यापेक्षां मोठा पुरावा नको. पण त्या लोकांस नव्या जागीं गांव म्हणून उभें राहण्यास किती काळ लागला, हें पाहिलें म्हणजे आंखलेली जागा व वसलेली पांढरी यांतील अंतरही कळतें.

या सर्व इतिहासांतून आम्ही जो निष्कर्ष काढतों तो सोपा आहे. अपवाद हा नियमाचा शत्रु नव्हे. अपवादावांचून नियम जगत नाहीं. प्रश्न इतकाच, कीं अपवाद कसा दिला गेला. त्याचें कारण लिहून ठेविलें काय? ज्याच्या भिंतीस भिंत लागणार, ज्याच्या शेतांत पाणी तुंबणार, त्यास आधीं विचारलें काय? आणि तशीच अडचण घेऊन उद्यां दुसरा आला, मग तो कोणाचाही कोणी असो वा नसो, तर त्यासही तेंच उत्तर मिळेल काय? जुन्या गोतानें दुसरा प्रश्न विचारला व तिसरा टाळला. कलेक्टराच्या दप्तरानें तिसरा कागदावर मान्य केला व दुसरा विसरलें. तिन्ही प्रश्न एकाच बैठकींत विचारण्याची सोय ३७ व्या कलमानें करून ठेविली आहे. आष्ट्यासारख्या गांवांत ती बैठक राजपत्राच्या पानांतून उतरून चावडीवर, सर्वांस ऐकूं जाईल अशा जागीं भरावी. जाहिरात ज्या जमिनीची तिच्याच बांधावर लागावी. यास नवा कायदा नको. केवळ, जागेच्या व्यवहारास शेजाऱ्याची साक्ष लागते, एवढी जुनी गोष्ट पुन्हां मान्य करावयास हवी. आणि या खेपेस शेजारी म्हणतांना वेशीबाहेर कोणी ठेवतां कामा नये.